मसान की मकान

आमचे वकीलसाहेब पंचेचाळिसाव्या वर्षी उर्दू शिकले, आणि तेही एक शब्द वाचण्यासाठी. जालन्यातल्या एका निवृत्त उर्दू गुरुजींकडे ते कोर्टाआधी वही घेऊन बसत. पुढे एकदा आमदार झाले, पण कुणी ‘आमदारसाहेब’ म्हटलं की कपाळाला आठी. “ती पाच वर्षांची नोकरी होती, वकीलच म्हणा,” म्हणायचे.

तो शब्द मंठा तालुक्यातल्या एका वस्तीच्या मसणवट्याचा. निजामाच्या काळातल्या कागदात ती जागा ‘मसान’ म्हणून लिहिलेली. कागद मराठीत उतरवताना कुणा कारकुनाने ‘मकान’ वाचलं. घाईत लिहिलेल्या उर्दूत ‘स’ आणि ‘क’ यांत वरच्या एका रेघेचाच काय तो फरक. त्या चुकीच्या आधारावर शेजारच्या बागायतदाराने जागा नावावर करून घेतली, तार ओढली, आणि वस्ती आपली माणसं नाल्यात जाळू लागली.

भिंग घेऊन साहेबांनी ती रेघ तहसीलदाराला दाखवली, न्यायाधीशांना दाखवली, कोर्टाबाहेरच्या चहावाल्यालाही सोडलं नाही. “बराबर बघा, दिसून राह्यलं की न्हाई?” चहावाला बिचारा दरवेळी हो म्हणायचा.

बागायतदार तिथे गोदाम बांधायला निघाला तेव्हा साहेबांनी ‘जैसे थे’चा आदेश आणला. मी त्यांची ज्युनिअर. अर्ज माझ्याच हातचा. पेढे वाटले. खटल्यातली पहिली वादी, वस्तीतली सोनाबाई, पेढा तसाच हातात धरून म्हणाली, “मंग आता मेलेलं माणूस तिकडं न्याचं का, साहेब?”

‘जैसे थे’ दोन्ही बाजूंना लागतं. त्याने बांधायचं नाही, यांनी जाळायचं नाही. “सहा महिने थांबा, मावशी. निकालच लावतो,” ते म्हणाले. ते खोटं बोलत नव्हते. आम्हा दोघांनाही तसंच वाटत होतं, आणि त्या शहाणपणाचा मला आजही राग येतो.

सतरा वर्षं झाली. आमदार असताना त्यांनी सभागृहात प्रश्न टाकला. उत्तर आलं, प्रकरण न्यायप्रविष्ट आहे. मुंबईहून परतले ते बॅग हातात घेऊनच म्हणाले, “माझ्याच खटल्यानं माझं तोंड बांधलं.” कोठडीतली मारहाण, डांबून ठेवलेले मजूर, असे कितीतरी खटले त्यांनी जिंकले होते. पण त्यांचं कुणी कौतुक केलं की विषय बदलायचे.

गेल्या पावसाळ्यात सोनाबाई गेली. नाल्याला पाणी होतं. दोन दिवस प्रेत घरात ठेवावं लागलं. साहेब दोन्ही दिवस तिच्या दारात बसून होते. परतताना गाडीत एवढंच म्हणाले, “मी गेलो की मला तिथंच न्या. वस्तीच्या जागेत.”

यंदा उन्हाळ्यात ते गेले. मुलीने वडिलांचा शब्द पाळला, वस्तीने तारेपाशी लाकडं आणली. तेवढ्यात फौजदार आले. भला माणूस, साहेबांच्या पाया पडला. मग खिशातून त्याच ‘जैसे थे’ आदेशाची प्रत काढून माझ्या हातात दिली. “मॅडम, माझ्यानं न्हाई होणार. तुमीच वाचून सांगा यांना.”

मी वाचून दाखवला. वस्तीने लाकडं पुन्हा उचलली, आणि आम्ही साहेबांना नाल्यात नेलं.