बिनविरोध

आमच्या गावचे पुढारी कुणाला धमकी देत नाहीत, विचारपूस करतात. हे शहरातल्या माणसाला पटवणं फार अवघड. पुण्यात नोकरीला लागल्यावर मी ऑफिसातल्या मैत्रिणींना एकदा सगळी हकिगत सांगितली, तर त्या म्हणाल्या, "पण त्यांनी नक्की केलं काय?" खरंच, आप्पांनी काहीच केलं नव्हतं. म्हणून तर अजून माझं डोकं तडकतं.

आप्पा म्हणजे आमचे पुढारी. गाव दौंड तालुक्यातलं, केडगाव स्टेशनापासून फार लांब नाही. सोसायटी, दूध डेअरी, देवळाची कमिटी, सगळीकडे शेवटचा शब्द त्यांचा. आवाज मात्र कधी चढलेला नाही. लग्नाच्या पंगतीत स्वतः जिलेबी वाढत फिरणारा माणूस. ग्रामपंचायतीची निवडणूक लागली तेव्हा त्यांनी देवळात सगळ्यांना बोलावलं आणि सांगितलं, भांडणं नकोत, यंदा गाव बिनविरोध करू. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बिनविरोध म्हणजे आप्पा ठरवतील ते सदस्य, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं.

तरी माझ्या आईनं अर्ज भरला.

आमची वस्ती ओढ्यापलीकडे. ओढ्याला पाणी आलं की पोरांची शाळा बंद, बाळंतिणीला खाटेवरून न्यायचं. ओढ्यावर साकव बांधा म्हणून आई प्रत्येक ग्रामसभेत उभी राहायची आणि 'बघू' एवढं उत्तर घेऊन घरी यायची. शेवटी तिच्या मैत्रिणीनं हट्ट धरला. "आता तूच हुबी ऱ्हा. मी हाय की." या मैत्रिणीला मी मावशी म्हणायचे. नात्यातली नव्हे, शेजारच्या रानातली. दोघी लग्न होऊन मागेपुढेच या वस्तीवर आलेल्या. माझ्या धाकट्या भावाच्या जन्मानंतर आई तापानं फणफणली, तेव्हा मावशीनं त्याला स्वतःचं दूध पाजलेलं. दौंडला तहसील कचेरीत अर्ज भरायलाही तीच बरोबर गेली. येताना दोघींनी भेळ खाल्ली आणि आमदारकी मिळाल्यासारख्या हसत घरी आल्या.

पुढच्याच दिवशी आप्पा आईला रस्त्यात भेटले. गाडीतून खाली उतरून त्यांनी हात जोडले. "वहिनी, झ्याक केलं. बायांनी फुडं यायलाच पायजे. कुणी सुचवलं म्हणायचं?" आईला मैत्रिणीचा केवढा अभिमान! तिनं मोठ्या तोऱ्यात मावशीचं नाव सांगितलं.

मग सुरू झालं. डेअरीवर आमच्या दुधाला फॅट लागेना, दर पडला. दूध घेणारा माणूस मान खाली घालून म्हणायचा, "माझ्या हातात काय न्हाई, ताई." आई म्हणाली, "तूप कढवीन, पर माघार न्हाई." आमचे चुलते येऊन समजावून गेले, त्यांना तिनं चहा पाजून वाटेला लावलं. मी तेव्हा दौंडला कॉलेजात होते. आईकडे बघून माझी छाती फुगायची.

माघारीची मुदत संपायच्या आदल्या दिवशी मावशी आली. आई ओट्यावर मेथी निवडत होती. मावशीनं समोर बसून अर्धी जुडी ओढून घेतली.

"आप्पा घरी आलं व्हतं," ती म्हणाली. "च्या पिऊन गेलं."

"काय म्हणलं?"

"काय न्हाई. पोराचं कसं चाललंय म्हणून इचारलं. पर्मनंट कवा व्हतोय म्हणलं."

मावशीचा मुलगा भीमा नदी ओलांडून शिरूरकडे एका कंपनीत जायचा, ठेक्यावर. ठेकेदार आप्पांचा साडू.

"आन् जाताना म्हणलं, तुमच्या मैत्रिणीला जरा सांगून बघा. तुमचंच ऐकत्यात त्या."

माघार घे, असं मावशी म्हणालीच नाही. ती खाली बघून मेथी निवडत राहिली. पाला देठांत जात होता आणि देठं भाजीत. आईनं थोडा वेळ ते पाहिलं, मग तिच्या हातातली जुडी काढून घेतली. "उद्या चल माझ्यासंगं दौंडला. काढून टाकू अर्ज."

मी ओरडले, "अगं, आणि ओढ्याचं काय?"

"तिच्या पोराच्या भाकरीवर मला साकव बांधायचा न्हाई," आई म्हणाली.

गोष्ट इथं संपली असती तरी मी ती गिळली असती. पण आप्पांनी देवळासमोर सत्कार ठेवला. गावाच्या एकीसाठी वहिनींनी केवढा त्याग केला, यावर ते बोलले. आणि मग माईकवरूनच त्यांनी मावशीला पुढं बोलावलं. "ह्या माऊलीनं आपल्या मैत्रिणीची समजूत काढली, म्हणून गावातलं भांडण मिटलं. शाल ह्यांच्याच हातनं." सगळं गाव टाळ्या वाजवत होतं. मावशीनं आईकडे न बघताच तिच्या खांद्यावर शाल टाकली, ती घसरून खाली पडली. आईनंच ती उचलून घेतली. आईचीच मैत्रीण आईविरुद्ध वापरली गेली हे एकवेळ घरात झाकून ठेवता आलं असतं. आप्पांनी ते चारचौघांत मांडलं, तेही कौतुक करून. इतका संताप मला आयुष्यात पुन्हा कधी आला नाही.

त्यानंतर मावशीला सुटका नव्हती. गावात कुठलीही बाई आडवी आली की आप्पांचा निरोप मावशीकडे यायचा, आणि मावशी पदर सारखा करून त्या बाईच्या दारात जायची. पोरगा अजूनही ठेक्यावरच आहे. तो पर्मनंट झाला असता तर मावशी मोकळी झाली असती, हे आप्पांना कळत असणारच. आमच्याकडं मात्र ती येईना. सुरुवातीला कामाचं कारण सांगायची. नंतर आई समोरून येताना दिसली की बांधावरून आडवी निघून जायची.

मागच्या हिवाळ्यात मी सुट्टीला घरी गेले होते. मावशी आजारी असल्याचं कळलं, म्हणून आई पेजेचा डबा घेऊन निघाली. मीही गेले. सून दारात आली, आत वळून बघत म्हणाली, "आत्याबाई झोपल्यात." तेवढ्यात आतून खोकला ऐकू आला आणि लगेच कुणीतरी तोंडावर पदर दाबावा तसा थांबला. सुनेनं मान खाली घातली. आईनं डबा तिच्या हातात दिला, "गरम हाय तवर पाज," म्हणाली, आणि आम्ही फिरलो.

बांधावरून येताना मी आप्पांना नाही नाही ते बोलत होते.

"माझा तिच्यावर कवाच राग नव्हता," आई म्हणाली. "पर तिला माझ्याकडं बघवत न्हाई. ती मेली असती तर रडून मोकळी तरी झाले असते. जित्या माणसाला कसं रडू, सांग."