नववा फोटो

तेव्हा प्रत्येक संगणकाचा पडदा वेगळा होता. शिरूरला पतसंस्थेच्या कचेरीत जुना चौदा इंची मॉनिटर होता, त्याच्या एका आडव्या ओळीत सहाशे चाळीस ठिपके मावत. बाजारपेठेतल्या सायबर कॅफेत आठशे. दौंडला माझ्या मित्राचा कॉम्प्युटर क्लास होता, तिथे सतरा इंची मॉनिटरवर एक हजार चोवीस. मित्र दौंडला वेबसाइट बनवायचा. मी ती फ्लॉपीवर घेऊन एसटीने शिरूरला यायचो आणि प्रत्येक पडद्यावर उघडून कुठे काय तुटतंय ते बघायचो. मी कारखान्यात हिशेबनीस होतो, हे काम सुट्टीतलं. मित्र म्हणायचा, "मी रंगवतो, तू मोज." त्याच्या घरी मी जेवायचो, माझ्या घरी तो.

पतसंस्थेचं काम आम्हाला मिळालं, तेव्हा पहिल्या पानावर संचालकांचे फोटो एका ओळीत हवेत असं ठरलं. ओळ मानाप्रमाणे. आधी चेअरमन, मग व्हाइस चेअरमन, मग ज्याचं गावात जसं वजन तसा. नववे आणि शेवटचे आमच्या वस्तीतले आप्पा. राखीव जागेवरून निवडून आलेले ते एकटेच. वडिलांबरोबर मला शाळेत घालायला हेच आप्पा आले होते.

मित्राने प्रत्येक फोटो नव्वद ठिपके रुंद केला. दौंडच्या पडद्यावर नऊ जण दिमाखात बसले. शिरूरच्या कॅफेत उघडलं तर आप्पा घसरून खालच्या ओळीत, एकटेच. आमच्याकडे लग्नपत्रिकेत एखाद्याचं नाव खाली गेलं तरी वर्षभर बोलणं बंद होतं, हा तर फोटो. मी लगेच मित्राला फोन लावला.

"नऊ नव्वदे आठशे दहा होतात. आठशेत बसणार नाहीत. सगळ्यांचे फोटो साठचे कर. मधली जागा धरूनही चौदा इंचीवरसुद्धा एका ओळीत येतील."

"चेअरमनसाहेबांचं तोंड एवढंसं करू?" तो हसला.

"सगळ्यांचंच होईल ना."

"बरं बाबा, करतो. तू मोजलंस म्हणजे झालं."

वेबसाइटचं उद्घाटन तालुक्याच्या सभागृहात होतं. प्रोजेक्टर भाड्याने आणला होता, तो आठशेचाच. आप्पा इस्त्रीचा सदरा घालून काकूंना आणि नातीला घेऊन आले होते, दुसऱ्या रांगेत बसले होते. चेअरमननी माउसचं बटण दाबलं, टाळ्या झाल्या. भिंतीवर फोटो आले, सरळ एका ओळीत. मला हायसं वाटलं. मग मी मोजले. आठ होते. आणि नव्वदचेच होते.

मागून कुणीतरी म्हणालं, "आप्पा, तुम्ही कुठं गेला?"

"आसल खाली कुठंतरी," आप्पा म्हणाले. "आमची जागा खालीच आसती." लोक हसले, आप्पाही हसले. मित्राने पान खाली सरकवलं. खाली संस्थेचा पत्ता होता, बाकी काही नाही. नात विचारत राहिली, "आजोबा, तुमचा कवा येणार?"

मग चेअरमन माइकवर म्हणाले, "आप्पांनी गैरसमज करून घेऊ नये. तांत्रिक अडचण हाय. तुमच्याच वस्तीतल्या पोरानं तपासून सांगितलंय, नववा बसत न्हाई म्हणून." आणि माझ्याकडे हात केला. आप्पांनी मान वळवून माझ्याकडे बघितलं. त्यांच्या चेहऱ्यावरचं हसू तसंच राहिलं होतं, नुसतं राहिलेलं.

चहाच्या वेळी मी मित्राला जिन्याखाली गाठलं.

"मी साठ सांगितलं होतं."

"सांगितलं होतंस. चेअरमनना मोठे फोटो हवे होते. ते म्हणाले, एक कमी करा. कोणता, ते मी विचारलंसुद्धा नाही."

"माझं नाव कशाला घातलंस?"

"दुसऱ्या कुणी सांगितलं असतं तर आप्पांना लागलं असतं. तू घरचा आहेस." बशीत चहा ओतत त्याने हे इतक्या सहज सांगितलं की त्याला ते खरंच सोयीचं वाटलं असावं.

संध्याकाळी मी आप्पांच्या घरी गेलो. काकूंनी पाणी दिलं, पण बस म्हणाल्या नाहीत. फोटो म्हणून मांडून दाखवायला मी काड्यापेट्या मागितल्या, घरात मिळाल्या तेवढ्या दोनच. मग नातीच्या पाटीवर खडूने आठशेची ओळ काढली, नव्वदचे चौकोन काढून दाखवले, पुसले, साठचे काढले. नऊ बसले, शिवाय जागा उरली.

आप्पांनी प्रत्येक चौकोनावर बोट ठेवलं. "म्हंजी मी बसत हुतो."

"व्हय आप्पा."

"आन् त्यांना म्हाईत हुतं."

"मी फोनवर सांगितलं होतं."

"मंग हितं मला काय शिकवतूस? जिथं तुझं नाव घेतलं, तिथं काढ ही पाटी."

वार्षिक सभेत मी ती पाटी घेऊन उभा राहिलो. चेअरमननी शेजारी बसवलेल्या मित्राकडे बघितलं. मला वाटलं, आता तरी तो बोलेल. तो उठला आणि म्हणाला, "यांनीच मला कळवलं होतं, आठशेत नऊ बसत नाहीत. खोटं असेल तर त्यांनी सांगावं."

खोटं नव्हतं. माझंच वाक्य होतं, अर्धं. उरलेलं अर्धं मी सांगत होतो तोवर सभेने पुढचा विषय घेतला होता. मी बोलत राहिलो. आप्पा शेजारी येऊन उभे राहिले आणि पाटीची एक बाजू त्यांनी धरली.