आश्रुबांचे तीन लेख

बायना घोंगडे चिडली म्हणजे तिचा आवाज चढत नाही, उतरतो. उमापुरात हे सगळ्यांना ठाऊक होतं. औरंगाबादच्या संशोधन संस्थेतल्या मुलाखत समितीला नव्हतं. म्हणून तिचा आवाज उतरला तरी अध्यक्ष हसत राहिले.

“मॅडम, तुमचे लेख सात. इतर संशोधकांनी त्यांचा हवाला दिलाय तो एकूण चव्वेचाळीस वेळा. या बढतीला शंभर तरी लागतात.”

“सात नाही, दहा. बोअरच्या पाण्यातल्या फ्लोराइडवरचे पहिले तीन तुम्ही मोजलेच नाहीत. त्यांचा हवाला तीनशे सतरा वेळा दिला गेलाय.”

“ते कुणा आश्रुबांचे आहेत.”

“आश्रुबा माझे वडील.”

“अरे वा! म्हणजे घराणंच शास्त्रज्ञांचं!” टेबलाभोवती हशा पिकला.

आश्रुबा सातवी शिकलेले. उमापूरच्या सहकारी दूध संस्थेत दूध मापायला होते. घोटाळा साधा होता. आपल्याकडे शाळेच्या हजेरीपटापासून आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, शेवटी बापाचं. बायनाने पहिला लेख परदेशी नियतकालिकाला धाडला तेव्हा तसंच लिहिलं : घोंगडे बायना आश्रुबा. त्यांनी शेवटचा शब्द आडनाव धरला आणि लेखक म्हणून छापलं, ‘आश्रुबा जी. बी.’ तीन लेख असेच गेले. चौथ्यापासून ती शहाणी झाली. पण जगभर वाचले गेले ते पहिले तीनच.

ते लेख दुष्काळाचे होते. विहिरी आटल्या, बोअर सातशे फुटांवर गेले. फ्लोराइडमुळे आधीच पोरांच्या दातांवर तपकिरी डाग आणि म्हाताऱ्यांचे गुडघे आखडलेले; आता अधूनमधून येणारा टँकर सोडला तर त्या खोल पाण्यावाचून दुसरं पाणीच उरलं नाही. घरोघरचे नमुने दर महिन्याला गोळा कसे करायचे, या विचाराने बायना हैराण होती. तोड आश्रुबांनी काढली. “दूध घालाया समदं गाव येतंय. दुधासंगं पाण्याची बाटली आणा म्हणलं की झालं.” दोन वर्षं, दोनशे बारा घरं. प्रत्येक बाटलीवर नाव, तारीख, बोअरची खोली. कुणी भलतंच पाणी आणलं तर आश्रुबा एक घोट चाखून म्हणत, “हे टँकरचं हाय, रतनबाई. बोअरचं आण जा.” गुरं चारा छावणीला गेली, दूध थांबलं, तरी बाटल्यांसाठी ते सकाळी संस्थेचं दार उघडत राहिले.

हसून झाल्यावर समितीने अट घातली : हे लेख आपले नाहीत, असं आश्रुबांचं शपथपत्र आठ दिवसांत आणा.

बायना वडिलांना घेऊन गेवराईला टायपिस्ट बंकटकडे गेली. बंकटने मजकूर वाचून दाखवला, “सदर तीन लेखांशी माझा काहीएक संबंध नाही.”

“थांब बे बंकट. संबंध कावून न्हाई?”

“काका, असाच मजकूर असतोय. सगळे हेच लिवून देतात.”

“देऊ दे. लेख मी लिवले न्हाईत, हे खरं हाय. त्यातलं एक अक्षर मला वाचता येत न्हाई. पर संबंध न्हाई म्हणून शपथ घेऊ? दोनशे बारा घरचं पाणी काय तुझ्या बापानं गोळा केलं?”

“माझ्या बापाला कावून मधी घेता, काका?”

‘दादा, करा ना सही,’ हे बायनाच्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात तिला लेखांखालची आभाराची ओळ आठवली : स्थानिक दूध संस्थेच्या सहकार्याबद्दल. नाव कुणाचंच नाही. ती ओळ समितीने नव्हे, तिने स्वतः लिहिली होती. इतके दिवस समितीवर असलेला राग आता तिच्या स्वतःवरही उलटला.

“बंकट, ते वाक्य खोडा. लिहा : हे लेख माझी मुलगी बायना हिने लिहिले. त्यांतील पाण्याचे सर्व नमुने मी गोळा केले.”

तिसऱ्या दिवशी समितीकडून शपथपत्र परत आलं. “अनावश्यक मजकूर वगळून, ‘काहीएक संबंध नाही’ एवढेच लिहून उद्या पाचच्या आत सादर करावे, अन्यथा अर्ज रद्द.”

आश्रुबांना फोनवर हे कळलं तेव्हा ते वरमले. “काढून टाक, बाई. तुजं काम होऊ दे.”

“खोटी शपथ घ्यायला तयार नव्हतात ना, दादा?”

“तवा राग आलता.”

“मला अजून आहे.”

तिने तेच शपथपत्र पुन्हा धाडलं. सोबत एक ओळ : यातला एकही शब्द अनावश्यक नाही.

शुक्रवारी अर्ज रद्द झाला. बायनाने त्यावर अपील केलं. आणि तिन्ही नियतकालिकांना कळवलं की लेखकाचं नाव सुधारा, आणि आभारात दूध संस्थेच्या आधी आश्रुबा घोंगडे यांचं नाव घाला. दोन नियतकालिकांनी दुरुस्ती छापली. अपिलाचा निकाल अजून लागलेला नाही.