ओलं शटर

मी आजवर दोघांवर हात उचलला आणि दोन्ही वेळा अक्षरांपायी. पहिल्यांदा वाशीमच्या बसस्टँडजवळ. दोन दिवस उन्हात उभं राहून मी एका भिंतीवर जाहिरात लिहिली होती आणि एक पठ्ठ्या खुशाल तिच्यावर खळ फासून पोस्टर चिकटवत होता. मी त्याची खळीची बादली त्याच्याच डोक्यावर पालथी घातली आणि वर कानाखाली वाजवली. लोक हसले. मला लाज वगैरे काही वाटली नाही, उलट महिनाभर फुशारकीनं सांगत फिरलो.

दुसऱ्या वेळचं मात्र आजवर कुणाला सांगितलेलं नाही.

आम्ही दोघे भाऊ पेंटर. अक्षरं माझी, चित्रं दादाची. फ्लेक्सनं आमची निम्मी कामं खाल्ली, पण दुकानाचं शटर अजूनही हातानंच रंगवून घेतात. त्या कामाचा नियम एकच, रंग वाळेपर्यंत शटर उचलायचं नाही. उचललं की पट्ट्या गुंडाळल्या जातात, ओल्या रंगानं एकमेकींना चिकटतात आणि सगळं मातीत जातं. म्हणून हे काम दुकानाच्या सुटीच्या दिवशी करायचं.

मंगरूळपीरला बी-बियाण्यांच्या एका दुकानाचं शटर आम्ही सकाळपासून रंगवलं. दादानं कोपऱ्यात कपाशीचं झाड असं काढलं होतं की बोंडं तोडून घ्यावीशी वाटावीत. समोरच्या टपरीवर चहा प्यायला गेलो तेवढ्यात दुकानदार आला. कुणाला तरी फवारणीचं औषध हवं होतं, म्हणून यानं शटर अर्धं वर ढकललं. मी कप फेकून धावलो. माझी अक्षरं फिसकटून लाल-पिवळा चिखल झाला होता.

"दोन अक्षरं तं फिसकटली. मार ना पुन्हा. एवढं काय त्याचं?" दुकानदार म्हणाला.

मी त्याची कॉलर धरली आणि तोंडावर ठोसा मारला. तो मागच्या मागे दुकानात पडला. ओठ फुटून रक्त आलं. ते पाहून माझा राग कमी व्हायला हवा होता, पण तो आणखी चढला. दादा "अबे, सोड, सोड त्याले!" म्हणत शटरखालून आत घुसला, वाकला, उजवा हात मागं उंबरठ्यावर टेकून डाव्या हातानं दुकानदाराला उठवू लागला. मी ते पाहिलंच नाही. "आता बंदच ठेव तुहं दुकान," असं ओरडून मी शटरला लोंबकळलो आणि सगळ्या वजनानिशी ते खाली ओढलं.

आवाज लोखंडाचा नव्हता. दादा ओरडलासुद्धा नाही. फक्त म्हणाला, "उचल बाप्पा, उचल."

तीन बोटं गेली. अंगठा आणि करंगळी तेवढी राहिली. दवाखान्यात विचारलं तेव्हा दादानं शटर आपोआप सुटलं म्हणून सांगितलं. दुकानदारानंही मान डोलावली. मी तिथंच उभा होतो आणि गप्प राहिलो.

त्यानंतरचं वर्ष मला त्या दिवसापेक्षा जड गेलं. दादा मला एक शिवी देईना. माझ्या हातून शर्टाची बटणं लावून घ्यायचा, माझ्याच हातचा चहा प्यायचा. मी एकदा त्याच्यापुढं बसून म्हणालो, "मार मले. डोकं फोड, पण काही तं कर." तो म्हणाला, "चहा थंडा होऊन राह्यला." त्या दुपारी मी घरामागं जाऊन पाटीएवढा दगड उचलला, आपली बोटं ठेचायला. खाली हात ठेवला तो डावा. लिहायचा हात मी ठेवला नाही. आणि त्या डाव्यावरही दगड सोडायची माझी छाती झाली नाही. त्या दिवशी मला स्वतःची जितकी किळस आली तितकी शटरजवळही आली नव्हती.

मग अनसिंगकडच्या एका शाळेच्या भिंतीचं काम आलं. अक्षरं मी लिहिणारच होतो. दादा म्हणाला, "हरीण मी काढतो." शिडीवर उभं राहून, अंगठा आणि करंगळीत ब्रश धरून त्यानं सकाळभर हरीण काढलं. डोळे उतरले, पाठ उतरली, पण पाय थरथरत जाडजूड झाले, अगदी म्हशीचे. पोरं हसली. दादा हात धुवायला हापशावर गेला तेव्हा मी पटकन ब्रश घेतला आणि चारही पाय बारीक, सरळ करून टाकले. माझ्या मनात चांगलंच होतं, असं मी स्वतःला सांगितलं.

मी शिडीवरून उतरलो तेवढ्यात दादा परत आला. भिंतीकडं पाहिलं, माझ्या हातातल्या ब्रशकडं पाहिलं आणि फाडकन माझ्या थोबाडीत मारली, त्याच उजव्या हातानं.

वर्षभर मी या थपडीची वाट पाहत होतो. ती पडली की सुटलो, असं धरून चाललो होतो. गालावर तळवा लागला, खाली हनुवटीशी एकटी करंगळी लागली, आणि वरच्या गालावर काहीच लागलं नाही.

"बोटं तुनं नेली तवा मी काही बोललो नाई," दादा म्हणाला. "आता रेघबी नेतं काय?"

त्यानं रॉकेलचा बोळा घेऊन माझे चारही पाय पुसले आणि पुन्हा आपले काढायला घेतले. ते पहिल्यापेक्षा वाईट आले. मी शिडी धरून उभा राहिलो.