नदीकाठच्या गावातल्या मच्छरदाण्या

माझा धाकटा भाऊ लष्करात होता. शांतिसेनेबरोबर आफ्रिकेत राहून आला, तेव्हा आष्ट्याला माझ्या शिलाईच्या दुकानात बसून त्यानं तिकडची एक हकिकत सांगितली. छावणीच्या कुंपणापाशी एक बाई रोज मुलीला घेऊन यायची. जवान त्या पोरीला बिस्किटं द्यायचे. मग पोरीला हिवताप झाला, आणि एक दिवस बाई एकटीच आली.

"साधी मच्छरदाणी असती तरी जगली असती गं, आक्का," म्हणाला आणि मशीनवर डोकं टेकून रडला. एवढा दांडगा गडी, पण रडला.

ब्लाउज न्यायला आलेल्या दोघीतिघींनी ते ऐकलं, आणि तिथंच ठरलं. गल्लीतल्या बायकांनी दर महिन्याला जमेल तेवढं द्यायचं आणि तिकडं मच्छरदाण्या वाटणाऱ्या एका संस्थेला भावानं ते पाठवायचं. कुणी गजरा सोडला, कुणी बाजारच्या दिवशीची भेळ. पापड लाटणारी माझी शेजारीण म्हणायची, तिकडं एक लेकरू माझ्या जिवावर निवांत झोपतंय. भाऊ निवृत्त होऊन मलकापुरात राहायला गेला, तरी हे चालूच राहिलं. पोचलं म्हणून त्याचा फोन यायचा. नदीकाठच्या गावात वाटल्या, बायका लय खूश झाल्या, असं सांगायचा. ते मी दुकानात सगळ्यांना सांगायचे, थोडं रंगवूनच.

गेल्या दिवाळीआधी मी स्वतःच त्या महिन्याच्या पैशांचं पाकीट घेऊन मलकापूरला गेले. भाऊ बाहेर गेला होता. भावजयीनं पाणी दिलं, पण पाकीट पुढं केल्यावर तिनं हात मागं घेतले.

"वन्सं, आता नका देऊ. यातलं तिकडं कायबी गेलं न्हाई."

मोबाईलवर शेअरचे सौदे करायचा नाद त्याला लागला होता. पेन्शन त्यात गेली होती, आमचंही त्यातच गेलं होतं. हे सांगताना ती माझ्याकडं बघत नव्हती. मी तिथंच बसून राहिले.

भाऊ आला. माझं तोंड बघूनच तो समजला. आधी म्हणाला, परत भरणार होतो. मग म्हणाला, "तिकडं कोण बघतंय, आक्का? ती माणसं आपल्याला वळखत्यात व्हय?"

"तू तर बघितली होतीस," मी म्हटलं.

दुकानातलं त्याचं ते रडणं खरं होतं, हे मला आजही माहीत आहे. म्हणूनच जास्त लागतं.

बायकांना सांगणं सोपं नव्हतं. दोघींनी माझ्याकडं शिवायला टाकणं बंद केलं. बहीणभाऊ मिळालेले असणार, असं त्या बोलल्याचं कानावर आलं. शेजारीण मात्र म्हणाली, "पर तिकडच्या त्या पोरांनी काय केलंय?"

आता आम्ही चौघीच उरलो आहोत. माझ्या मुलीनं नीट चौकशी करून दुसरी संस्था शोधली. दर महिन्याला चौघी दुकानात जमतो आणि एकमेकींसमोर माझ्या फोनवरून पैसे पाठवतो. नदीकाठच्या गावाबद्दल कुणी बोलत नाही.

त्याच दिवाळीत भाऊबीजेला तो आला. मी ओवाळलं, पोटभर जेवू घातलं. ओवाळणी टाकायला त्यानं खिशात हात घातला, तेव्हा मी ताट मागं घेतलं. "यंदा नको," म्हटलं. तो खाली बघत चपला घालून निघाला. मीही थांब म्हटलं नाही.