पेटी चावणारा मिस्त्री

पेटी तयार झाली की मिस्त्री तिला चावायचा. खरंच चावायचा. आत स्पीकर बसवला, गाणं लावलं, की गुडघ्यावर बसून पेटीच्या कडेला वरचे दात टेकवायचा, डोळे मिटायचा आणि निकाल द्यायचा, "मुकी हाय." नाहीतर, "बोलती." तंबाखूने काळे झालेले दात ते. बघणाऱ्याला शिसारी यायची.

मला हा माणूस कधीच आवडला नाही. मेलेल्याबद्दल वाईट बोलू नये म्हणतात, पण तेवढ्यासाठी आज तो आवडून घ्यायचा माझा विचार नाही. तोफखान्यातून पेन्शन घेऊन आलेला. मलकापुरात रस्त्याकडेला त्याची पत्र्याची शेड होती. गिऱ्हाईक दिसलं की कपाळाला आठ्या. बोलणार ते ओरडून, आणि आपण बोलायला लागलो की तोंडाकडे असा टक लावून बघणार, की आपण काही चोरून खाल्लंय असं वाटावं. अशी माणसं तुमच्याही गावात असतील. त्यांच्यावाचून काम अडतं, तिथेच त्यांचं फावतं.

माझी भाड्याची अँबॅसिडर होती. गाणं वाजवणाऱ्या गाडीलाच वराती मिळायचे ते दिवस. बाकीचे आम्ही कराडच्या स्टँडवर माश्या मारत बसायचो. म्हणून मुंबईहून टेप मागवला आणि मागच्या काचेखाली बसेल अशी स्पीकरची पेटी करायला याच्याकडे आलो. गाणं असेल या बोलीवर कडेगावची एक वरात ठरली होती. नवरदेव मिलिटरीतला होता.

पहिली पेटी छान वाजली. लावणीचा शब्दन् शब्द कळत होता. याने दात टेकवले, "मुकी हाय" म्हणाला आणि हातोडीने ती फोडली.

"आवं मिस्त्री, झ्याक वाजत हुती की."

"तू भोंगा वाजीव. पेटीतलं तुला काय कळतंय?"

दुसरीचीही तीच गत केली. लग्न उद्यावर आलेलं. तो पाठमोरा बसून फळीला सरस लावत होता. मी मागून जीव खाऊन ओरडलो, "बहिरा हाईस काय रं म्हाताऱ्या?"

त्याने मान वळवली नाही. हात थांबला नाही. शेजारचा सायकलवाला तेवढा दचकला. तेव्हा कुठे माझ्या डोक्यात उजेड पडला. तोफांनी त्याचे कान कधीच नेले होते. तो तोंडाकडे बघायचा ते ओठांवरून बोलणं ओळखायला, आणि पेटी ऐकायचा ती दातांनी. पण आता दुसरा मिस्त्री शोधायला वेळ नव्हता.

तिसरी पेटी जाड फळीची झाली, आत गादीचा कापूस कोंबलेला. दात टेकवताच त्याचा चेहरा सैल पडला. "बोलली रं," तो म्हणाला. मला नुसती ढमढम ऐकू येत होती.

कडेगावात वरात निघाली. नवरदेवाच्या चुलत्याने खिडकीतून डोकं आत घातलं.

"डायव्हर, गानं कवा लावतासा?"

"लागलंय की."

"ह्ये गानं व्हय? उखळात मिरच्या कांडल्यागत वाजतंय."

नवरी फिसकन हसली. नवरदेव तिला घेऊन उतरला आणि वऱ्हाडाच्या जीपमध्ये जाऊन बसला. मी रिकामी गाडी वरातीमागून हाकत राहिलो. ही गोष्ट पंचक्रोशीत पसरली आणि माझा तो सगळा हंगाम बुडाला.

वरातीच्या दुसऱ्या दिवशी शिव्यांची उजळणी करतच मलकापूर गाठलं. तो रस्त्यावर वाट बघत उभा होता. मी उतरायच्या आत त्याने मागचं दार उघडलं, टेप लावायची खूण केली आणि पेटीला दात लावले. बराच वेळ तसाच राहिला. मग पहिल्यांदाच हळू बोलला.

"पल्टन सुटल्यापासनं ढोलकी आयकली न्हवती गड्या. तुझ्या पेटीत आयकली." आणि माझ्या तोंडाकडे बघत म्हणाला, "लोकांस्नी आवडली न्हवं?"

राग तर होताच. त्यात त्याची कीवही आली, आणि ती आली म्हणून आणखी राग आला.

"आवडली," मी म्हणालो. मग त्याच्याकडे पाठ केली आणि येत होत्या तेवढ्या सगळ्या शिव्या मोठ्याने दिल्या. सायकलवाला तोंडात बोट घालून बघत राहिला.

"काय म्हनलास?" मागून मिस्त्रीने विचारलं.

मी वळलो. "झ्याक केलीसा म्हनलं."

पुढच्याच पावसाळ्यात तो गेला. त्याच्या तोंडावर द्यायच्या त्या शिव्या माझ्याकडे तशाच राहिल्या.