"घेतलं" म्हणेपर्यंत

हातातली वस्तू समोरच्याला द्यायची, पण त्यानं "घेतलं" असं तोंडानं म्हणेपर्यंत सोडायची नाही, ही आमच्या गल्लीतल्या काकांची सवय. प्रसादाची वाटी असो, घराची किल्ली असो की तान्हं बाळ. नवा कुरियरवाला सही केलेला कागद ओढत राही आणि काका शांतपणे दुसरं टोक धरून उभे.

"जहाजावर पहारा बदलताना नुसती मान हलवून चालत नाही," ते सांगत. "एकानं दिलं आणि दुसऱ्यानं घेतलंच नाही, तर मधल्या वेळात जहाज कुणाचं?"

अशी माणसं तुम्हीही पाहिली असतील. नोकरी सुटते, शिस्त सुटत नाही. काका मालवणकडचे. नौदलातून निवृत्त झाले आणि समुद्र सोडून इथं हिंदी मुलखात, आमच्या दाना ओली नावाच्या गल्लीत, काकूंच्या माहेरगावी राहायला आले. मासळीसाठी सायकलनं गावाच्या दुसऱ्या टोकाला, हजीऱ्याच्या बाजारापर्यंत जात आणि तळ्यातला मासा घेऊन तोंड पाडून परत येत. इथं कशाला आलात, असं मी एकदा विचारलं. "ती वीस वर्षं माझ्यामागून बंदरं फिरली. आता पाळी माझी," म्हणाले.

मी गल्लीच्या गणेशोत्सवाची चिटणीस. याद्या करणं माझं काम, आणि खरं सांगायचं तर व्यसनही.

सातेक वर्षांपूर्वी होळीनंतर काकूंना अर्धांगवायूचा झटका आला. उजवं अंग गेलं, वाचाही गेली. डॉक्टरांनी फार आशा दाखवली नाही. काकांनी दुसऱ्या आठवड्यापासून रोज सकाळी स्टीलचा रिकामा पेला त्यांच्या उजव्या हातात द्यायला सुरुवात केली. स्वतः सोडायचे नाहीत. "सोडू गो? म्हण." खिडकीतून सगळ्या गल्लीला ऐकू येई. काकू रडत, चिडत. आषाढात त्यांनी तो पेला भिंतीवर भिरकावला. काका धावत माझ्याकडे आले. "चिटणीसबाई, पेढे आणा. फेकला! म्हणजे आधी धरला होता."

श्रावणात काकू भिंत धरून चार पावलं टाकू लागल्या. तरी मी गल्लीतल्या गौरींची यादी केली, तेव्हा चूक केलीच. त्यांच्या घरी मोठ्या गौरीचा मुखवटा दारापासून मखरापर्यंत काकूंनीच आणायचा, हा रिवाज. मी त्यांच्या जागी सुनेचं नाव लिहिलं.

काकांनी यादी वाचली. "पेनानं लिहिलंय?"

"हो."

"मग नवं पान घ्या. तिनं अजून दिलेलं नाही."

सूनबाई काळजीनं म्हणाली, "बाबा, हट्ट नका करू. आईंचा हाथ छूट गया तो? मुखवटा पणजीच्या वेळचा आहे."

"फुटला तर मी चिकटवीन. ती खचली तर कशानं चिकटवू?"

मी नवं पान घेतलं.

गौरी आल्या त्या दुपारी आम्ही सगळ्याजणी त्यांच्या दारात होतो. कुंकवाच्या पावलांवरून काकू निघाल्या. मुखवटा छातीशी, उजवा पाय किंचित ओढत. काका त्यांच्या समोर, तोंड त्यांच्याकडे करून, उलटे चालत होते. हात पसरलेले, पण स्पर्श नाही. मी पावलं मोजली. अकरा. सातव्याला काकू डुलल्या. सूनबाई पुढे झाली, काकांनी नुसती मान हलवून तिला थांबवलं. काकूंनी पाय रोवला आणि आठवं पाऊल टाकलं.

मखरापाशी सूनबाईनं मुखवटा घ्यायला हात पुढे केले. काकू सोडेनात. आम्हाला वाटलं, बोटं आखडली. काकूंनी सुनेकडे रोखून पाहिलं आणि पाच महिन्यांत पहिल्यांदा स्वच्छ शब्द उच्चारला.

"म्हण."

"घेतलं, आई," सूनबाई म्हणाली, आणि रडू लागली. काकांनी भिंतीला टेकून कडक सलाम ठोकला. टाळ्या मीच सुरू केल्या, कबूल करते.

त्यानंतर सहा वर्षं गौरी काकूंनीच आणल्या.

काका गेल्या माघात गेले. मंडळाच्या सामानखोलीची किल्ली त्यांच्याकडे असे. चौदाव्या दिवशी मी ती आणायला निघणार, तोच काकू काठी टेकत माझ्या दारात आल्या. एकट्या, अख्खी गल्ली चालून. उजव्या हातानं किल्ली पुढे केली. मी ती धरली.

काकू सोडेनात.

"घेतलं, काकू," मी म्हटलं.

तेव्हा सोडली, आणि काठी वळवून ताठ चालीनं घरी गेल्या.